लिंप या शब्दाचा अर्थ

पस्तीस वर्षं मी शाळेत इंग्रजी शिकवलं. दर जूनमध्ये पहिल्याच तासाला मी पोरांना बजावायची, "शब्दाचा अर्थ विचारला तर बरोबर सांगा, नाहीतर सरळ येत नाही म्हणा. मनचं ठोकून देऊ नका." पोरांना वाटायचं, बाई फार कडक आहेत. बाई कसल्या कडक! बाईंनी स्वतः अकराव्या वर्षी एका शब्दाचा अर्थ चारचौघांत मुद्दाम चुकीचा सांगितला होता, आणि तो शब्द बाईंच्या सख्ख्या बहिणीचा होता. हे मात्र मी कुठल्याच वर्गात सांगितलं नाही.

गोष्ट कोल्हारची. बहात्तरच्या दुष्काळाचं वर्ष. प्रवरेच्या पात्रात आम्ही पोरं अनवाणी इकडून तिकडे जायचो, पायाला ओल लागायची नाही. मी पाचवीत होते आणि इंग्रजी तेव्हा पाचवीपासूनच सुरू व्हायचं. ए बी सी डी दिवाळीपर्यंत पुरली. दिवाळीनंतर एके दिवशी मास्तरांनी फळ्यावर चाली लिहून दिल्या. मास्तर नगर शहरातले, बापजाद्यांपासून मास्तरकी करणाऱ्या घरातले, अंगानं काडी पण आवाज खणखणीत. पुस्तकातलं कमी आणि मनातलं जास्त शिकवायचे. "आपल्यात माणूसही चालतो आणि गाढवही चालतं," ते म्हणाले. "इंग्रजानं बघा, ज्याला त्याला ज्याचा त्याचा शब्द दिलाय."

आणि मग फळा भरत गेला. घोडा ट्रॉट करतो, उधळला की गॅलप करतो. बदक वॉडल करतं. साप ग्लाइड करतो. कोंबडा आणि मोर स्ट्रट करतात. कोकरू फ्रिस्क करतं. तान्हं मूल क्रॉल करतं, पाय फुटले की टॉडल. शिपाई मार्च, दमलेला माणूस ट्रज, प्यालेला माणूस स्टॅगर. आणि सगळ्यात खाली, फळा संपता संपता, लंगडा माणूस लिंप.

मास्तर नुसतं लिहून थांबणारे नव्हते. त्यांनी आम्हाला मैदानात नेलं आणि एकेकाला एकेक चाल करून दाखवायला लावली. लिंप करून दाखवायला एक दांडगट पोरगा पुढं झाला. त्यानं डावा पाय आखडून, कंबर एका बाजूला टाकून अशी काही चाल काढली की सगळा वर्ग खो खो हसला. ती माझ्या आक्काची चाल होती, हुबेहूब. मास्तर गावात नवे होते, त्यांना काय माहीत, तेही हसले. मीही हसले. हसले नसते तर सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं असतं.

आक्का माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. ती सात वर्षांची असताना भरल्या बैलगाडीवरून पडली. नदीपलीकडच्या हाडवैद्यानं पट्ट्या बांधल्या, पण हाड वाकडं जुळलं. डावा पाय दोन बोटं आखूड राहिला. चौथीनंतर शाळा सुटली, कारण पुढची शाळा लांब आणि वाटेवर पोरं मागून ओरडायची. गावात तिला नावानं हाक मारणारी माणसं थोडी. "लंगडी हाय का घरात?" असं विचारत बाया येत, आणि आई "हाय की, या" म्हणे. त्यात कुणाला काही वावगं वाटायचं नाही. आक्काला वाटायचं का, हे मला कधी विचारावंसंच वाटलं नाही.

त्या वर्षी आई आणि आबा रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायचे. आक्काला मुकादमानं घेतलं नव्हतं. त्यामुळे शाळेतून आले की घरात आम्ही दोघीच. ती मिलोचं, म्हणजे रेशनवर मिळणाऱ्या परदेशी तांबड्या ज्वारीचं, पीठ मळायची आणि मी तिला त्या दिवसाचं इंग्रजी ऐकवायची. चालींची यादी ऐकून ती भाकरी थापता थापता थांबली.

"काय म्हनला तुजा मास्तर? आपल्यात येकच शब्द हाय?"

"हो. चालणे."

"मास्तर घराभाईर पडतो का न्हाई?" ती म्हणाली, आणि पिठाच्या बोटांवर मोजायलाच लागली. "बाळ दुडदुडतं. म्हातारी खुरडत जाती. शेळी तुरुतुरु. साप सरपटतो. वासरू बागाडतं. पोरं हुंदडत्यात. बैल उधाळला की चौखूर. सासुरवाशीन लगालगा, आन् म्हायेरवाशीन डुलत डुलत. सांग तुज्या मास्तरला."

मी दुसऱ्या दिवशी खरंच सांगितलं. मास्तर वर्गात मोठ्यांदा हसले आणि म्हणाले, "तुझ्या बहिणीला माझा नमस्कार सांग." तो नमस्कार मी घरी आणून पोचवला तेव्हा आक्का इतकी लाजली की तवा चुलीवर तसाच राहिला आणि भाकरी करपली.

तेव्हापासून आमचा खेळ सुरू झाला. संध्याकाळी ओट्यावर बसायचं आणि रस्त्यानं जाईल त्याला त्याची इंग्रजी चाल द्यायची. बदक आम्ही दोघींनी जन्मात बघितलं नव्हतं, पण शेजारच्या काकूंकडे बघून वॉडल म्हणजे काय ते चटकन कळलं. बाजाराच्या दिवशी स्टॅगरला तोटा नव्हता. खडी फोडून परतणारी माणसं दिसली की आम्ही ट्रज म्हणायचो आणि त्यातच आमचे आईआबा दिसले की गप्प व्हायचो. त्या साली सगळा जिल्हाच ट्रज करत होता. काष्टीचा मामा आला की मात्र आमची हसून पुरेवाट व्हायची. मामा म्हणजे आईचा मोठा भाऊ. फेटा, मिशा, करकरणारे जोडे. तो अंगणात शिरला की आक्का माझ्या कानात म्हणायची, "स्ट्रट आला." आक्का शब्द एकदा ऐकला की विसरत नसे. शाळेत माझा पहिला नंबर यायचा, पण घरात मी दुसरीच होते.

एक शब्द मी तिला सांगितलाच नव्हता. यादी म्हणताना मी स्टॅगरवर थांबायची. पण तिला वाचता येत होतं, आणि मी वहीत प्रत्येक शब्दापुढे मराठीत उच्चार आणि अर्थ लिहिला होता. एके दुपारी ती माझी वही घेऊन समोर आली.

"ह्यो का वगळतीस गं?"

मी मान खाली घातली. वहीत माझ्याच अक्षरात होतं: लिंप, लंगडणे.

ती माझ्यापाशी बसली. रागावली नव्हती. दोन-तीनदा तो शब्द तिनं स्वतःशी म्हणून बघितला. लिंप. लिंप. मग हसली. "ह्यो तर आपलाच शब्द हाय की. भित लिंप, चूल लिंप." आमच्याकडे भिंतीला, चुलीला मातीचा हात देतात त्याला लिंपणं म्हणतात; ते मलाही तेव्हाच सुचलं आणि आम्ही दोघी हसलो. मग ती म्हणाली, "पर ब्येस हाय. लंगडी म्हनलं की शिवी हुती. ह्या शब्दानं मला आजून कुनी हाक मारली न्हाई. ह्यो माजा मला राहू दे."

मी म्हटलं, घे. जणू माझ्या बापाचा होता.

माघात मामानं आक्कासाठी स्थळ आणलं. मुलगा पुणतांब्याचा, सोसायटीत कारकून, खिशाला पेन. मॅट्रिकपर्यंत शिकलेला. "पोरगं इंग्रजी बोलतं," मामा सांगत होता, "तालुक्याचा सायब आला की ह्योच पुढं आसतो." आबांनी एकदाच विचारलं, "पायाचं कानावर घातलंय का?" मामा म्हणाला, "दाजी, दुष्काळात कुनी पोरगी करायला तयार न्हाई आन् तुमी खोड काय सांगत बसता? येकदा नांदायला लागली की पाय कोन बघतंय?" आबा गप्प बसले. आबा नेहमीच गप्प बसायचे, मी त्यांच्यावर गेले असावे.

मुलगी बघायला आले की चालून दाखवायला सांगतात, हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणून पाहुणे यायच्या आधी महिनाभर आक्काला चालायला शिकवलं गेलं. डाव्या पायाच्या चवड्यावर उभं राहिलं की तो पाय उजव्याइतका व्हायचा. वर नऊवारी लुगडं, निऱ्या जमिनीला टेकलेल्या. सैपाकघराच्या उंबऱ्यापासून पाटापर्यंत चार पावलं, पाटापासून देव्हाऱ्यापर्यंत आणखी चार. "आठ पावलं," आई म्हणायची. "आठाच्या म्होरं आपल्याला करायचंय काय?" आक्का चालायची आणि मी वन टू थ्री म्हणून मोजायची. सहाव्या पावलाला तिच्या पोटरीत गोळा यायचा. आठव्याला डोळ्यांत पाणी. रोज दहा खेपा. आणि आईनं तिला देव्हाऱ्यापुढं बसवून शपथ घातली होती, की पायाबद्दल तोंडातून एक अक्षर काढायचं नाही.

पाहुणे आले. मुलगा, त्याची आई, त्याचा चुलता. आक्का उंबऱ्यातून निघाली आणि मी दाराआड उभी राहून मनात मोजत होते. चार. पाट. मग चुलता म्हणाला, "पोरी, जरा द्येवाला हळदकुकू वाहून ये." म्हणजे चालून दाखव. पुन्हा चार. आठवं पाऊल पडलं तसा मी श्वास सोडला. कुणाला काही कळलं नाही.

मग चुलता मुलाला म्हणाला, "तुला काय इचारायचं तर इचार." मुलानं घसा साफ केला. त्यालाही चार माणसांत आपलं शिक्षण दाखवायचं होतं. "इंग्लिश येतं का?" त्यानं विचारलं. मामा हसून म्हणाला, "चौथी झालेली पोर ती, तिला कुठलं..." तेवढ्यात आक्कानं मान वर केली. मुलाकडे सरळ बघितलं आणि स्वच्छ, मास्तरांच्या उच्चारात म्हणाली, "आय लिंप."

मामा, आई, आबा, सगळे नुसते कौतुकानं बघत राहिले. आमच्या घरात त्या शब्दाचा अर्थ आक्काखेरीज मलाच ठाऊक होता. दाराची कडी मी इतकी घट्ट धरली की हाताला वळ उठला. मुलगा क्षणभर थांबला. मग त्यानं मान डोलावली आणि म्हणाला, "व्हेरी गुड."

पाहुणे होकार देऊन गेल्यावर मी आक्काला आडावर गाठलं. "तू शपथ मोडलीस!" तिचा चेहरा मी त्याआधी तसा उजळलेला कधी बघितला नव्हता आणि नंतरही नाही. "शपथ मराठीत हुती," ती म्हणाली. मग घागर खाली ठेवून हळूच म्हणाली, "बये, त्येस्नी ठावं हाय. ठावं आसून हो म्हनले."

पुढचे तीन महिने ती त्या एका गोष्टीवर जगली. शेवया करताना, हळद दळताना, बायांनी चिडवल्यावर, ती मध्येच माझ्याकडे बघून हसायची आणि ते हसू कशाचं हे फक्त मला माहीत असायचं. मीसुद्धा तेच खरं धरून चालले होते. शिकलेला माणूस व्हेरी गुड म्हणाला होता. त्याला शब्द कळलाच नसेल हे अकरा वर्षांच्या पोरीच्या डोक्यात कुठून यावं?

वैशाखात लग्न झालं. दुष्काळातलं लग्न, पन्नास पानं. बोहल्यापर्यंत मामानं तिला दंडाला धरून आणलं. बघणाऱ्याला वाटलं भाचीची माया. ती टेम्पोत बसली, रडली नाही. मांडवपरतणीला पाचव्या दिवशी यायची होती. पाचव्या दिवशी ती आली, पण बरोबर तिची पत्र्याची पेटीही आली. पेटी बघताच आईनं ओळखलं, पोरीला कायमचीच परत धाडलीय.

त्या पाच दिवसांचं आक्कानं मला पुढं एकदाच सांगितलं. पहिल्या सकाळी ती घागर घेऊन सासरच्या आडावर निघाली आणि चवड्यावर नाही चालली. "कशाला चालू? मला वाटलं, ठावं हाय. मी मोकळी चालले." अंगणभर बायका होत्या. सगळ्यांनी बघितलं. सासूनं तिथंच कपाळाला हात लावला.

बैठक आमच्याच पडवीत बसली, सकाळी. त्यांच्याकडून मुलगा आणि चुलता. आमच्याकडून आबा, मामा आणि गावातले एक जाणते आजोबा, ज्यांचा शब्द दोन्हीकडे चालायचा. आई दाराशी. आक्का आत, पण दार उघडं. मामानं बैठकीआधीच आम्हाला सांगून ठेवलं होतं: पाय आपल्याकडे धड होता, सासरच्या आडावर घसरून मोडला, आता त्यांचं त्यांनी निस्तरावं. मला आई म्हणाली होती, "तुला कुनी कायबी इचारलं तर मला ठावं न्हाई म्हनायचं."

चुलता म्हणाला, "आमाला फशिवलं. पोरीत खोड हाय हे कुनी सांगितलं न्हाई." मामानं आडावर घसरल्याची कथा सुरू केली. ती अर्ध्यात आली असेल नसेल, तोच आक्का दारात येऊन उभी राहिली. चवड्यावर नाही, साधी. त्या काळात बैठकीत सून बोलत नसे.

"मी सांगितलं हुतं," ती म्हणाली. "बघायला आले तवाच. ह्येस्नी. इंग्रजीत."

कुणीतरी हसलं. मामाचा चेहरा लाल झाला. आजोबांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि मुलाला विचारलं, "काय रे, काय म्हनली हुती?"

मुलगा खाली बघून म्हणाला, "लिंप म्हनली हुती. आय लिंप. म्हंजी मी लिंपते. मला वाटलं, भिती लिंपती, घरकाम येतं आसं सांगती."

पडवीत मोठा हशा झाला. चुलता मांडीवर थाप मारून हसला. मामाही हसला, सुटल्यासारखा. आक्का मुलाकडे बघतच राहिली. तीन महिने जे तिनं उराशी धरलं होतं ते काय होतं, हे तिला त्या घटकेला कळलं. ते मी तिच्या तोंडावर बघितलं. मला ते विसरता येत नाही.

पण ती मागं हटली नाही. "लिंप म्हंजी लिंपनं न्हवं. लिंप म्हंजी लंगडनं. मास्तरनी शिकवलंय. हिला इचारा," आणि तिनं माझ्याकडे बोट केलं.

मास्तर गावात नव्हते. शाळा संपली तशी त्यांची बदली झाली होती. मग आजोबांनी मला पुढं बोलावलं. चांगला माणूस होता तो, अजून सांगते. त्यांनी आधी सगळ्यांना नीट समजावलं, "हे बगा, पोरीनं सांगितलं आसंल आन् पोराला कळलं नसंल, तर चूक पोराची. मग त्येनं तिला नांदवायची, रडत न्हाई तर हासत. न्हाई सांगितलं, तर गोष्ट येगळी." मग मला म्हणाले, "तू साळंत पयली येतीस म्हनं. सांग पोरी. भिऊ नगं. लिंप म्हंजी काय?"

लंगडणं म्हणावं, तर पाय आधीपासूनच अधू होता हे उघड होणार आणि मामा सगळ्यांसमोर खोटा ठरणार. मामा माझ्याकडे बघत होता, आई बघत होती. आबा जमिनीकडे. मुलगाही बघत होता. आणि आता या वयात मला वाटतं, की त्याच्या नजरेत नुसता राग नव्हता, त्यालाही खरा अर्थ हवा होता. आक्का तेवढी निवांत होती. तिला खात्री होती.

आईनं सांगितल्याप्रमाणे ठाऊक नाही म्हटलं असतं तरी निम्मं पाप टळलं असतं. आजोबांनी दुसऱ्या मास्तरला विचारलं असतं, राहुरीला कुणाला तरी धाडलं असतं. पण चार मोठ्या माणसांत, शाळेत पहिली येतेस म्हटल्यावर, मला येत नाही म्हणवेना. व्हेरी गुड म्हणणाऱ्या त्या मुलाला मी जन्मभर नावं ठेवली, पण माझी जात तीच होती.

"लिंप म्हणजे लिंपणं," मी म्हटलं. "भिंत लिंपणं."

पुन्हा हसले सगळे. आजोबांनी सुस्कारा टाकला. मी आक्काकडे बघितलं नाही.

मामाला वाटलं, जिंकलो. पण चुलता तयारीनं आला होता. हसणं ओसरल्यावर तो म्हणाला, "आता आडावर घसरल्याचं बगू. काल नदीपल्याडच्या हाडवैद्याकडं जाऊन आलोय मी. सात वर्षाची आसताना ह्या पायाला त्येनंच पट्ट्या बांधल्या. बोलवू का?" मामा फेटा सारखा करत राहिला. म्हणजे घरचेही खोटे आणि आक्काही खोटी. खरं बोललेली ती एकटी, आणि तिच्यावरच शिक्का. दुपारच्या आत सोडचिठ्ठीचं ठरलं. मुलगा जाताना दारापाशी घुटमळला, पण चुलत्यानं हाक मारली तसा निघून गेला. पत्र्याची पेटी अंगणातच राहिली. संध्याकाळी आबांनी ती आत आणली.

त्या दिवशी सांजेला मी चुलीपाशी गेले. आक्का भाकरी करत होती. मला वाटलं ती मारेल, निदान बोलेल. तिनं ताट वाढलं आणि म्हणाली, "जेव." बस. का केलंस, हे तिनं मला त्या दिवशी विचारलं नाही आणि पुढंही कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी पाया पडले असते, रडले असते. तिनं ती संधीच दिली नाही.

बैठकीतली गोष्ट गावभर व्हायला एक दिवस पुरला. आठवड्याच्या आत ती आडावर निघाली की पोरं मागून ओरडायची, "आय लिंप! आय लिंप!" लंगडी हे नाव मागं पडलं. ज्या शब्दानं तिला अजून कुणी हाक मारली नव्हती, त्याच शब्दानं आता सगळं गाव मारू लागलं. ती मागं वळून बघत नसे. आमचा ओट्यावरचा खेळ त्या उन्हाळ्यात संपला. शाळा सुरू झाली, मी सहावीत गेले, पण घरी इंग्रजी मोठ्यांदा वाचायचं सोडून दिलं.

त्या मुलाचं पुढच्या वर्षी दुसरं लग्न झालं. आक्काचं झालं नाही. दोन-तीन स्थळं आली, बिजवर, तिनं नको म्हटलं. मी शिकले, बीएड केलं, नगरला शाळेत लागले. आईआबा गेल्यावर मी तिला माझ्याकडे आणलं. लोक म्हणत, बहिणीला सांभाळते, केवढं मन. मला ते ऐकून घाम फुटायचा. सांभाळत तीच होती. माझं घर, माझा डबा, माझी मुलगी, सगळं तिच्या अंगावर होतं. दर वर्षी पाचवीला तो धडा यायचा, चालींचा. मी सगळे शब्द शिकवायची आणि स्टॅगरवर थांबायची. एखादं पोर पुस्तकात बघून विचारायचं, बाई, हा राहिला. मी म्हणायची, परीक्षेला येत नाही.

माझी मुलगी आठ वर्षांची असतानाची गोष्ट. रविवार होता. आक्का पाय पसरून तांदूळ निवडत होती. मुलीची इंग्रजी शाळा, रंगीत चित्रांचं पुस्तक. बदक, ससा, हत्ती, शिपाई, एकेका चित्राखाली रिकामी जागा, तिथं शब्द लिहायचा. शेवटचं चित्र काठी घेतलेल्या माणसाचं. मुलीनं ते बघितलं आणि सरळ मनानं विचारलं, "मावशी, हा तुझ्यासारखा चालतोय. तू चालतेस त्याला काय म्हणतात?"

मी सैपाकघराच्या दारात होते. हातात चहाचा कप होता. आक्कानं सूप खाली ठेवलं नाही, माझ्याकडे बघितलंही नाही.

"तुज्या आईला इचार," ती म्हणाली. "तिला येतो त्यो शब्द. मागं येकदा लोकांनी इचारला हुता, तवा चुकली हुती. आता बगू बरूबर सांगती का."

वीस वर्षं उलटून गेली होती. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

"सांग ना आई," मुलगी म्हणाली.

"लिंप," मी म्हटलं. "लिंप म्हणजे लंगडणं."

मुलीनं स्पेलिंग विचारलं. मी एकेक अक्षर सांगितलं. तिनं जीभ दातांत धरून ते रिकाम्या जागेत लिहिलं आणि पान उलटलं. ती पडवी नाही, ते आजोबा नाहीत, तो मुलगा नाही. ऐकायला तेवढी एक आठ वर्षांची पोर होती.

आक्कानं सुपातला शेवटचा खडा वेचून बाजूला टाकला.

"येवढंच तर सांगायचं हुतं गं," ती म्हणाली, आणि भिंतीला हात देऊन तांदूळ धुवायला उठली.